एका पिनेची पाठचिकित्सा

माझी उपजीविका यंत्रांवर चालते आणि एम. ए. मी मराठी घेऊन केले, तेही चाळिशी उलटल्यावर, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे मला अनेकदा विचारले जाते आणि मी बहुधा हसून विषय बदलते. संबंध आहे असे ठासून सांगणाऱ्यांविषयी मला थोडी शंकाच वाटत आली आहे. संगणकाच्या आज्ञावलीला कविता म्हणणाऱ्यांनी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट कमी वाचलेली असते. तरीही २०१७ च्या पावसाळ्यातला एक प्रसंग असा आहे की तो सांगताना पाठचिकित्सेच्या तासाला शिकलेले शब्द मला टाळता येत नाहीत. प्रसंग तसा क्षुल्लक. एका छोट्या संगणकाच्या एका पिनेची मांडणी चुकली होती. ती चूक सापडायला मला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत मी एका माणसावर अन्याय केला.

काम एका जुन्या ग्रंथालयाचे होते. पुण्याच्या पेठेतली दगडी इमारत, मागच्या बाजूला एक अरुंद खोली आणि तिच्यात लाकडी कपाटांतून ठेवलेली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तके, नियतकालिकांचे बांधीव खंड, काही पोथ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा आकडा खाली येण्याचे नावच घेत नाही. ग्रंथपालांना त्या खोलीत आर्द्रतेची अखंड नोंद ठेवणारे उपकरण हवे होते. आकडे हाती असते तर व्यवस्थापनाकडे आर्द्रता शोषणाऱ्या यंत्रासाठी पैसे मागता आले असते. "खोली दमट वाटते" एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. आमच्या लहानशा वर्कशॉपने ते काम घेतले आणि पाऊस लागण्यापूर्वी देऊ असा शब्द दिला.

उपकरणाच्या पोटात 'बीगलबोन ब्लॅक' नावाचा संगणक होता. २०१३ साली बाजारात आलेला हा एका पाटीवरचा संगणक पत्त्याच्या आकाराचा असतो. गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसावा म्हणून त्याचे कोपरे गोल केलेले आहेत. त्याच्या दोन्ही लांब कडांना काळ्या प्लॅस्टिकमधल्या भोकांच्या जोडरांगा आहेत. एका बाजूला शेहेचाळीस, दुसऱ्या बाजूला शेहेचाळीस. त्यांना पी८ आणि पी९ अशी नावे आहेत आणि प्रत्येक भोकाला क्रमांक आहे. बाहेरच्या जगाशी या संगणकाचे जे काही बोलणे-ऐकणे व्हायचे, ते या ब्याण्णव भोकांतून. भोके असली तरी त्यांना पिना म्हणण्याची रीत आहे, मीही तेच म्हणते.

आता साहित्याच्या वाचकाला रस वाटावा अशी गोष्ट येथे सुरू होते. या संगणकाचा प्रोसेसर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा आहे, पंधरा मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्याच्या पोटाखाली ३२४ जोडबिंदू आहेत. त्याला येणारी कामे मात्र त्याहून कितीतरी अधिक आहेत. मग कारखानदाराने काय केले, तर एकेका बिंदूला आठ-आठपर्यंत कामे नेमून दिली आणि कोणते काम चालू ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याकडे सोपवला. शून्य ते सात असे हे आठ 'मोड'. माझ्या गोष्टीतली पिन पी९_११. शून्य क्रमांकाच्या मोडमध्ये ती बाहेरच्या स्मृतीची वाट पाहण्याचा संकेत असते. एक आणि तीनमध्ये ती नेटवर्कची तार असते. चारमध्ये मेमरी कार्ड खाचेत बसले की नाही ते सांगते. सहामध्ये ती चौथ्या क्रमांकाच्या सिरियल जोडणीचा कान असते. सातमध्ये ती नुसती पिन असते, काही ठरीव काम नसलेली. धातू तोच, जागा तीच. अर्थ मात्र एका वेळी एकच. श्लेषाला येथे वाव नाही, आणि भोकाकडे कितीही निरखून पाहिले तरी तिच्यात या क्षणी कोणता अर्थ जागा आहे हे कळत नाही.

नावांचा गोंधळ तर विचारू नये. पाटीवर ती पी९_११. प्रोसेसरच्या पुस्तकात तिचे नाव जीपीएमसी_वेट०, म्हणजे शून्य क्रमांकाच्या मोडमधल्या ज्या कामावर ती इथे कधीच जाणार नाही त्या कामाचे नाव. साधी पिन म्हणून वापरली तर जीपीआयओ०_३०. सिरियलच्या दृष्टीने यूआर्ट४_आरएक्सडी. लिनक्सच्या पिनांच्या यादीत अठ्ठाविसावी. मांडणीच्या फाइलमध्ये ०७० हा षोडशमान पद्धतीतला पत्ता. या सहा नावांनी एकाच पिनेला हाका मारल्या जातात, आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना बोट एका ओळीने खाली सरकले की आपण शेजारणीला हाक मारून बसतो. अशा चुका मी पूर्वी पुष्कळ केल्या होत्या. या वेळी ती चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

आर्द्रतामापक बोलका नव्हता. प्रश्न विचारल्याखेरीज तो उत्तर देत नसे. पी९_१३ या पिनेतून संगणकाने त्याला विचारायचे आणि पी९_११ मधून त्याचे उत्तर ऐकायचे. प्रश्न पोचला की मापकावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुके. माझ्या टेबलावर, तात्पुरत्या जंपर वायरी खोचून, हे सगळे मे महिन्यातच व्यवस्थित चालले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कायमचे करायचे ठरले: जंपर काढून टाकायच्या, भोकांत बसणारी एक छोटी पाटी घ्यायची आणि तिच्यावर वायरी झाळून टाकायच्या. झाळण्याचे काम काकांचे.

काका म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने कारागीर. सगळे त्यांना काकाच म्हणत. ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्यापासून त्यांची सुरुवात झालेली. पुढे टीव्ही, मग आमच्याकडे पाट्या. त्यांचा सोल्डर पाहत राहावा असा असे: चकचकीत, उतरता, ना फुगलेला ना चपटा. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांचे एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. ही माहिती आम्हा सर्वांना होती. पुढे जे घडले त्याचे मूळ मला या माहितीतच दिसते.

काकांनी पाटी झाळून दिली. मी ती बसवली, यंत्र सुरू केले आणि मापक मुका. हिरवा दिवासुद्धा लागेना.

पहिले दोन दिवस गेले ते मात्र न्याय्य रीतीने गेले. आज्ञावली म्हणत होती की सिरियल जोडणी उघडली. प्रश्न पाठवला, इतकी अक्षरे गेली, तक्रार काही नाही. या क्षेत्रात नव्याने आलेल्याला येथे हमखास चकवा बसतो. प्रोसेसरच्या आत सिरियलचा स्वतंत्र विभाग असतो. तो आपले काम करत राहतो, अक्षरे एकामागून एक सोडत राहतो. त्याच्या तोंडाची वाट बाहेरच्या पिनेपर्यंत जोडलेली आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. भिंतीकडे तोंड करून व्याख्यान देणाऱ्याला आपले व्याख्यान झाले असेच वाटते. हे मला ठाऊक होते, म्हणून मी लिनक्सच्या पिनांची यादी उघडली. ती यादी म्हणजे प्रत्येक पिनेच्या नोंदवहीत या क्षणी प्रत्यक्ष काय लिहिले आहे त्याची नक्कल. अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या ओळीला ३७ हा आकडा होता. त्यातल्या शेवटच्या साताचा अर्थ सातवा मोड: नुसती पिन. माझी मांडणीची फाइल वाचलीच गेली नव्हती. यंत्र सुरू होताना जी सूचनांची फाइल वाचली जाते, तिच्यात माझ्या फाइलचे नाव होते, पण ओळीच्या आरंभी # हे चिन्ह राहून गेले होते, आणि ते चिन्ह असलेली ओळ यंत्र टीप समजून सोडून देते. चिन्ह काढले, यंत्र पुन्हा सुरू केले. यादीत दोन्ही ओळींना ०६ आला. सहावा मोड. मी समाधानाने यादी मिटली. मापकाचा हिरवा दिवा लुकलुकला.

उत्तर मात्र आले नाही.

येथून पुढचे नऊ दिवस मी ज्या तर्काने चालले तो तर्क मला आजही सदोष दिसत नाही, हीच त्यातली अवघड गोष्ट आहे. दिवा लागतो, अर्थी प्रश्न पोचतो. प्रश्न पोचतो, अर्थी मापक जिवंत आहे, त्याला वीज मिळते आहे, पी९_१३ ची वायर ठीक आहे. टेबलावर जंपर वायरींनी हेच सगळे चालत होते, अर्थी मापक उत्तर देऊ शकतो आणि माझी आज्ञावली ते वाचू शकते. मे आणि जूनमध्ये बदलले काय? जंपर गेल्या आणि झाळलेल्या वायरी आल्या. तेव्हा दोष पी९_११ च्या सोल्डरमध्ये. 'ड्राय सोल्डर' हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला तो त्या संध्याकाळी.

काकांनी तो जोड भिंगाखाली पाहिला, काही बोलले नाहीत, फ्लक्स लावून पुन्हा तापवला. फरक नाही. दोन दिवसांनी त्यांनी ती वायरच काढून दुसरी घातली. फरक नाही. मधल्या काळात मी मल्टीमीटर लावून पाहिला होता आणि त्या जोडावर ३.३ व्होल्ट नीट दिसत होते. मापक गप्प असताना त्याची तार वरच्या पातळीवर असते, तेव्हा हे ३.३ व्होल्ट मापकाकडूनच आलेले असणार, म्हणजेच वायर जोडलेली असणार, हे त्या क्षणी मला कळायला हवे होते. पण ड्राय सोल्डरची एक खोड सर्वांना ठाऊक असते: मीटरची सुई टेकवून दाब दिला की तो तेवढ्यापुरता जुळतो. मी ती खोड आठवून तो पुरावा बाजूला सारला. निष्कर्ष ठरलेला असला की साक्षीदाराचे म्हणणे मोडून काढायला कारण सापडतेच, आणि ते कारण खोटेही नसते.

तिसऱ्या वेळी मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काका, दिसत नसेल तर तसं सांगा. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." शेजारी दोन शिकाऊ मुले बसली होती. मालकही दारात उभे होते. काकांनी मान वर केली नाही. "करतो मॅडम," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी बारीक कामे त्यांतल्या एका मुलाकडे द्यायला सुरुवात केली. मला ते दिसले, आणि मनात आले की बरे झाले, काकांच्या डोळ्यांना विश्रांती. माणूस स्वतःला काय काय पटवून देऊ शकतो याचा हा नमुना.

बाहेर पाऊस लागला होता. ग्रंथपालांचा फोन एक दिवसाआड येत असे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. कपाटाच्या खालच्या फळीवरच्या एका खंडाच्या पुठ्ठ्यावर पांढरे ठिपके दिसू लागले आहेत, एवढे त्या सांगत आणि फोन ठेवत.

अकराव्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात एक जंपर वायर होती, वीतभर लांबीची. म्हणाले, "मॅडम, माझी वायरच मधून काढून टाका ना. पाटी काढा. ही एक टोकाला लावा आन् दुसऱ्या टोकाला लावा. विचारतंय तेच परत ऐकू येतंय का बघा."

ही चाचणी या क्षेत्रात सर्वांना माहीत असते. बोलण्याची पिन आणि ऐकण्याची पिन एकमेकींना जोडायची. यंत्राने उच्चारलेले अक्षर यंत्रालाच ऐकू यायला हवे. दोन मिनिटांचे काम. मी ते पहिल्या दिवशी करायला हवे होते. केले नव्हते, कारण ज्याच्यावर माझा संशय नव्हता त्याची चाचणी घेण्याचे मला सुचले नाही. पाटी काढली. मापक बाजूला ठेवला. काकांची वायर पी९_११ आणि पी९_१३ मध्ये खोचली आणि एक अक्षर पाठवले. परत काही आले नाही. दहा अक्षरे पाठवली. शांतता. आता मध्ये सोल्डर नव्हता, मापक नव्हता, काका नव्हते. एक वीतभर वायर होती आणि मी लिहिलेली मांडणी होती.

काका काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले. मी पिनांची यादी पुन्हा उघडली. अठ्ठाविसावी ओळ: ०६. एकोणतिसावी ओळ: ०६. नऊ दिवसांपूर्वी या दोन ओळी मी पाहिल्या होत्या आणि पसंत केल्या होत्या. या वेळी मी प्रोसेसरचा संदर्भग्रंथ उघडला. चार हजारांहून अधिक पानांचा तो ग्रंथ कोणी सलग वाचत नाही. आपल्याला हवे ते पान काढून वाचतात. मी हव्या त्या पानावरचे मला हवे तेवढेच वाचले होते. त्या आकड्यात सात जागा असतात, प्रत्येक जागी शून्य किंवा एक. उजवीकडच्या तीन जागा मिळून मोड सांगतात. चौथी जागा, पिनेला आतून हलका ताण द्यायचा की नाही ते सांगते, आणि येथे गंमत अशी की शून्य म्हणजे 'द्यायचा' आणि एक म्हणजे 'द्यायचा नाही'. पाचवी, तो ताण वरच्या पातळीकडे की खालच्या. सातवी, संकेत किती झपाट्याने बदलावा. आणि सहावी जागा सांगते, ही पिन ऐकणार की नाही. तेथे एक असेल तर पिनेवर आलेले आत पोचते, शून्य असेल तर पिनेपाशीच थांबते.

ऐकणाऱ्या पिनेला २६ हवा होता. द्विमान पद्धतीत ०१००११०. मी दिला होता ०६, म्हणजे ००००११०. तीन उजव्या जागा अचूक. मी सिरियलचा कान नेमला होता आणि त्यात बोळा घालून ठेवला होता.

चौथ्या आणि पाचव्या जागेवरची दोन शून्येही नंतर वाचली. ती म्हणत होती: ताण द्यायचा, आणि खालच्या पातळीकडे. याचा अर्थ असा की काकांची वायर खरोखर सुटलेली असती तर पाटीच्या बाजूला मल्टीमीटरवर शून्याच्या आसपास काहीतरी दिसले असते. दाबाने जुळणाऱ्या जोडाची शंका खरी की खोटी, हे मीटरची सुई शेजारच्या भोकात लावून घटकाभरात ठरवता आले असते. ते ३.३ व्होल्ट काकांच्या बाजूने साक्ष देत होते.

आता फाइल. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितले होते की लिपिकाराच्या चुकांपैकी बहुतेक अज्ञानाच्या नसतात, डोळ्याच्या आणि हाताच्या असतात. दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा एकीवरून दुसरीवर उडी मारतो. नुकतेच लिहिलेले अक्षर हात पुन्हा लिहून जातो. मी आधी पी९_१३ ची ओळ लिहिली होती: पत्ता ०७४, किंमत ०६. बोलणाऱ्या पिनेला ऐकावे लागत नाही, तेव्हा ०६ बरोबरच. मग ती ओळ उचलून खाली उतरवली, पत्ता बदलून ०७० केला आणि किंमत बदलायची राहिली. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लिपिकार लिहून ठेवत की जसे पाहिले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. माझ्या फाइलच्या डोक्यावर माझे नाव आणि तारीख होती. दोष देऊ नये असे मी कुठे लिहिले नव्हते, वागले मात्र तसेच होते.

मग टेबलावर मे महिन्यात हे कसे चालले? त्याचे उत्तर मिळाल्यावर मला खरी लाज वाटली. टेबलावर मी ही फाइल वापरलीच नव्हती. तेथे हाताने एक तयार आज्ञा देत असे, 'या पिनेला सिरियल कर' अशी, आणि ती आज्ञा सर्व सात जागा आपण होऊन योग्य भरत असे. कायमचे करताना वायरी बदलल्या तसा मांडणीचा मार्गही बदलला होता. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. त्यांतली एक काकांच्या हातची होती, दुसरी माझ्या. बदलांची यादी मनात करताना माझ्या हातचा बदल मला बदल वाटलाच नाही. तो सुधारणा वाटला.

यातून ग्रंथसंपादनाविषयी काही मोठे बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, किंवा भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी १९२५ पासून महाभारताच्या संपादनाची धुरा वाहिली, हे परीक्षेपुरते पाठ केलेले तपशील मला त्या संध्याकाळनंतर वेगळे वाटू लागले. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, पुढे बर्लिनला जाऊन संस्कृत भाषाशास्त्राकडे वळले. ही गोष्ट चरित्रात एखाद्या गमतीसारखी सांगितली जाते. मला आता ती गंमत वाटत नाही. शेकडो हस्तलिखिते ओळीशेजारी ओळ ठेवून ताडून पाहायची, आणि ताडताना, मला कोणता पाठ आवडतो याला शेवटची जागा द्यायची, ही शिस्त आहे. मी दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या, आणि त्या तंतोतंत सारख्या आहेत म्हणून खूश झाले होते. बोलणारी आणि ऐकणारी पिन सारखी असताच कामा नये, हा विचार शिवला नाही. असो.

०६ च्या जागी २६ केला. यंत्र पुन्हा सुरू केले. वायरीतून अक्षर गेले आणि परत आले. पाटी बसवली, मापक जोडला. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर उत्तर उमटले: आर्द्रता ८१.४. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, आकड्यावर अविश्वास दाखवायला काही कारण नव्हते.

मालकांना मी त्याच दिवशी सांगितले, आणि तोंडी सांगणे विरून जाते म्हणून कामाच्या वहीतही लिहिले: दोष मांडणीच्या फाइलमध्ये होता, फाइल माझी, सोल्डर पहिल्यापासून निर्दोष. मालक म्हणाले, "ठीक आहे, सापडलं ना!" कामाची वाटणी मात्र बदलली ती बदललीच. बारीक कामे त्या मुलाकडे राहिली. मुलगा चांगला होता, कामही बरे करी. वाटणी परत फिरवण्यासाठी मी आणखी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा मला सांगण्यात आले की काकांच्या डोळ्यांचा विचार करूनच ते केले आहे. माझेच वाक्य जरा मऊ करून मला परत मिळत होते.

काकांना सांगायला गेले तेव्हा ते एका ट्रान्सफॉर्मरच्या जाड तारा झाळत बसले होते. मी म्हणाले, "काका, चूक माझी होती. तुमचा जोड पहिल्या दिवसापासून चांगला होता." त्यांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवले, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कुठं होती चूक? दाखवा तरी."

मला वाटले, आता हे कसे समजावू. त्यांना घेऊन माझ्या टेबलाशी आले, सुधारण्यापूर्वीची फाइल उघडली आणि त्या दोन ओळी मोठ्या करून दाखवल्या. वरची बोलायची, खालची ऐकायची, एवढेच सांगितले. पडद्यावरच्या इंग्रजी मजकुराशी त्यांना कर्तव्य नव्हते. ते जवळ वाकले, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहिले आणि वरच्या ०६ खाली एक बोट, खालच्या ०६ खाली दुसरे बोट ठेवले.

"हे दोन्हीकडं सेमच हाय की," ते म्हणाले.

मी मान हलवली.

थोडा वेळ ते तसेच पाहत राहिले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "ती पाटी मात्र बदलावी लागंल मॅडम. तीन-तीनदा तापवून पॅड उचललंय तिथलं. आत्ता धरलंय, पर दोन महिन्यांत सुटंल." आणि ते खरेच होते. भिंगाखाली पाहिले तर पी९_११ च्या जोडाखालचे तांब्याचे वर्तुळ पाटीपासून केसभर सुटून वर आले होते. ज्या दोषाचा मी अकरा दिवस शोध घेत होते तो तेथे आता खरोखर तयार झाला होता.

नवी पाटी काकांनी झाळली. त्या मुलाकडे द्यायची का, असे मालकांनी विचारले होते. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर पावसात आम्ही दोघे रिक्षाने ग्रंथालयात गेलो. मागच्या खोलीत काकांनी स्वतः स्टुलावर चढून डबी कपाटाच्या बाजूला स्क्रूने बसवली, वायरी भिंतीलगत नीट नेल्या, आणि खाली उतरल्यावर ग्रंथपालबाईंना विचारले, "ते ठिपके पडलेलं पुस्तक कुठलं?" बाईंनी खालच्या फळीवरून तो खंड काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो उजेडाकडे धरून सगळ्या कडांनी फिरवून पाहिला, जसा ते एखादा जोड पाहतात तसा.